वैमानिकाची झोप आणि आपले तिकीट

डिसेंबर २०२५चा पहिला आठवडा ऐन लग्नसराईचा होता. देशभरच्या विमानतळांवर सुटकेसचे ढीग पडले होते, नवरदेव एका शहरात आणि वऱ्हाड दुसऱ्या शहरात अडकले होते, आणि दूरचित्रवाणीवर दिवसभर एकच विषय चालला होता. ‘इंडिगो’ या देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली आणि १,८५२ उशिरा सुटली. तीन लाखांहून अधिक प्रवाशांना त्याचा फटका बसला. लोक संतापले, आणि ते साहजिकच होते. पण हा संताप कोणावर काढायचा, याचा उलगडा बहुतेकांना झाला नाही. कारण म्हणून जे सांगितले गेले ते ऐकून आमच्या बीडच्या बाजारात एक व्यापारी गृहस्थ मला म्हणाले, “साहेब, वैमानिकांना झोप पाहिजे म्हणून विमानं बंद! ऐकलंय का असं कधी?”

ऐकलेले नव्हते हे खरे. पण तक्रारीच्या सुरात उच्चारलेले ते वाक्य निम्मे बरोबर होते, आणि उरलेल्या निम्म्यातच खरी गोष्ट दडलेली होती.

आमच्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. रेल्वेच मुळी बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आली. तीसुद्धा तीन पिढ्यांनी वाट पाहिल्यानंतर. विमान गाठायचे तर छत्रपती संभाजीनगर, नाहीतर पुणे, आणि परदेशी जायचे तर मुंबई. तरीही विमानाशी आमचा संबंध नाही, असे आता म्हणता येत नाही. अंबाजोगाईच्या, परळीच्या, माजलगावच्या कितीतरी घरांतली मुले अमेरिकेत, जर्मनीत, आखातात आहेत. नातवंडाच्या बाळंतपणाला निघालेली आजी लोणच्याच्या बरण्या कापडात गुंडाळून, रात्रभर गाडीत बसून मुंबईला जाते आणि पहाटे दोन-तीनच्या विमानात बसते. पुढचे चौदा-पंधरा तास तिचा जीव ज्या दोन माणसांच्या हाती असतो, त्यांचे तोंडही तिला दिसत नाही. ती माणसे काल कधी झोपली होती, हा प्रश्न तिच्या मनात येत नाही. यायला हवा, असे मला वाटते.

खरे तर झोप आणि वाहन यांचे नाते आमच्याकडच्या माणसाला वेगळे शिकवावे लागू नये. गळिताच्या हंगामात रात्री रस्त्याने निघालात तर दोन-दोन ट्रॉल्या उसाने भरलेले ट्रॅक्टर समोरून येतात. त्यावर कर्कश आवाजात गाणी लावलेली असतात. हौस म्हणून ती लावलेली नसतात. चालकाचा डोळा लागू नये म्हणून असतात. ऊसतोडीला गेलेले जोडपे मध्यरात्री गाडी भरायला उठते, पहाटे पुन्हा फडात उभे राहते. बैलगाडीवाला निदान सुदैवी. त्याचा डोळा लागला तरी बैलांना कारखान्याची वाट माहीत असते. एसटीची ‘रातराणी’ ज्यांनी कधी केली आहे त्यांना ठाऊक आहे, की पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास जाणता वाहक पुढे येऊन चालकाशेजारी बसतो आणि कसल्यातरी गप्पा काढतो. या गप्पांना काही अर्थ नसतो. त्या फक्त जागे ठेवण्यासाठी असतात.

विमानाच्या कॉकपिटमध्ये नेमके हेच चालते, फरक इतकाच की तिथे बैलांच्या जागी ‘ऑटोपायलट’ असतो. उड्डाणाचा आणि उतरण्याचा वेळ सोडला तर लांबच्या प्रवासात विमान स्वतःच दिशा आणि उंची धरून चालते. सामान्य माणसाला वाटते, मग वैमानिकाला काम काय? काम आहे, आणि ते मोठे चमत्कारिक आहे. काही घडत नसताना, काहीही घडू शकते या भावनेने आठ-दहा तास सावध बसून राहायचे. दर टप्प्याला इंधनाचा हिशेब ताडून पाहायचा. आत्ता या क्षणी एक इंजिन बंद पडले तर जवळचा विमानतळ कोणता, तिथले हवामान कसे, याचे उत्तर मनात तयार ठेवायचे आणि अर्ध्या तासाने ते बदलायचे. बाहेर पस्तीस हजार फुटांवर उणे पन्नास अंशांची थंडी, आत कोरडी हवा आणि मंद दिवे. दोघा वैमानिकांनी एकाच पदार्थाने आजारी पडू नये म्हणून त्यांची ताटेही वेगवेगळी. बँकेत आमच्या स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत आणि एकट्याला तिजोरी कधी उघडता येत नसे, त्यातलाच हा प्रकार. एका माणसावर कितीही विश्वास असला तरी व्यवस्था त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडायची नाही.

फार लांबच्या उड्डाणाला चार वैमानिक असतात. ९ जानेवारी २०२१ रोजी एअर इंडियाचे बोइंग ७७७ विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवावरून बंगळुरूला आले. सुमारे सतरा तासांचे ते उड्डाण. कॅप्टन झोया अगरवाल, पापागारी तन्मई, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास या चौघीजणी कॉकपिटमध्ये होत्या. त्या वेळी वृत्तपत्रांत महिलांच्या पराक्रमाचे मोठे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. पण चौघी का, हे फारसे कोणी सांगितले नाही. दोघी विमान चालवतात तेव्हा दोघींनी झोपायचे असते. त्यासाठी प्रवाशांच्या डोक्यावर, छताच्या पोकळीत, रेल्वेच्या बर्थसारखी जागा केलेली असते. जानेवारीत ध्रुवावर सूर्य उगवतच नाही. अशा वेळी घड्याळ एक सांगते, बाहेरचे आकाश दुसरे सांगते आणि शरीर तिसरेच काही म्हणत असते. या तिघांत जिंकते ते शरीर.

आमच्या ओळखीतला केज तालुक्यातला एक मुलगा मोठ्या विमानांवर सहवैमानिक आहे. मुंबईहून न्यूयॉर्ककडे जाणारी, युरोपकडे जाणारी उड्डाणे त्याच्या वाट्याला येतात. गेल्या दिवाळीनंतर (दिवाळीत नव्हे, दिवाळीत त्याला सुटी नव्हती) तो गावी आला तेव्हा मी त्याला सहज विचारले, की तुला पंचतारांकित हॉटेल मिळते, गाडी न्यायला येते, मग थकवा कसला? तो हसला. म्हणाला, “काका, दुपारी दोनला जाड पडदे ओढून पडायचं आणि झोप आली पाहिजे असा हुकूम असतो. झोप काय शिपाई आहे का, हाक मारली की यायला? न्यूयॉर्कला दुपार असते तेव्हा इथं आई झोपलेली असते. त्या घड्याळाला शरीर रुळायच्या आत परतीची वेळ होते. घरी आलो की पोरगी खेळायला ओढते आणि माझी मात्र मध्यरात्र असते.” त्याची बायको शेजारीच होती. तिने एवढेच सांगितले, की लग्नकार्य ठरवताना मुहूर्ताच्या आधी आता त्याचा महिन्याचा रोस्टर पाहतात.

झोपेचे हे गणित चुकले की काय होते, याची नोंद आपल्याच देशात आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पहाटे मंगळूरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ जणांपैकी आठ वाचले. कॉकपिटमधला आवाज टिपणारे यंत्र सापडले तेव्हा त्यात बराच काळ कोणतेही संभाषण नव्हते. ऐकू येत होते ते कप्तानाचे घोरणे. दीड तासाहून अधिक झोपेतून तो जागा झाला तो थेट विमान उतरवायच्या कामाला. अशा गाढ झोपेतून उठल्यावर काही काळ मेंदू धुक्यात असतो, हे आता वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. शेजारचा सहवैमानिक ‘पुन्हा वर न्या’ असे सांगत राहिला. चौकशी अहवालातली एक बाब मला सर्वांत अधिक अस्वस्थ करून गेली : उड्डाणाआधी कप्तानाला पुरेशी विश्रांती मिळालेली होती. म्हणजे कागदावरचा हिशेब जुळत होता. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला कागदावर जुळलेल्या हिशेबाची किंमत वेगळी सांगायला नको!

याचा अर्थ विमानात डुलकी घेणे वाईट, असाही नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या वैमानिकांवर एक प्रयोग केला होता, त्याचा अहवाल १९९४ साली प्रसिद्ध झाला. काही वैमानिकांना आळीपाळीने खुर्चीतच चाळीस मिनिटे विश्रांती घेऊ दिली. त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली, आणि उतरण्याच्या वेळी ते इतरांपेक्षा स्पष्टपणे अधिक सावध होते. यातूनच ‘नियंत्रित विश्रांती’ची पद्धत पुढे आली : एकाने थोडा वेळ झोपायचे, दुसऱ्याने पूर्ण जागे राहायचे, आणि उठल्यावर लगेच महत्त्वाच्या कामाला हात लावायचा नाही. मात्र यात दुसरा खरोखर जागा हवा. ऑगस्ट २०१४मध्ये मुंबईहून ब्रुसेल्सला निघालेले जेट एअरवेजचे विमान तुर्कस्तानवर असताना एकाएकी पाच हजार फूट खाली आले. कप्तान नियमानुसार विश्रांती घेत होता आणि सहवैमानिक टॅबवर मान घालून बसला होता. जमिनीवरच्या नियंत्रकाने हटकले तेव्हा त्यांना कळले. सुदैवाने त्या उंचीवर दुसरे विमान नव्हते.

कोळिकोडचा अपघात आपल्या लोकांना अधिक जवळचा. ७ ऑगस्ट २०२०, करोनाचे दिवस, आखातात अडकलेल्यांना घेऊन येणारे विमान आणि मुसळधार पाऊस. कप्तान दीपक साठे पूर्वी हवाई दलात विंग कमांडर होते. त्यांचे आईवडील नागपूरचे. विमान धावपट्टीचा मोठा भाग मागे टाकून टेकले आणि खाली कोसळले. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले. अहवालाने दोष वैमानिकाच्या निर्णयावर ठेवला, ते नोंदलेलेच आहे. पण त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे, ती मी दोनदा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाणही याच कप्तानांकडे होते, आणि दुसरीकडे उतरले असते तर ते चुकले असते. का? तर कोळिकोडच्या तळावर नेमणुकीत २६ सहवैमानिकांमागे कप्तान एकच होता. अहवालाने कंपनीच्या नेमणुकीच्या धोरणालाच सदोष म्हटले.

एका शाखेत सव्वीस कारकून आणि एक अधिकारी! तो अधिकारी ताप अंगात घेऊनही कामावर येईल, कारण तो आला नाही तर कुलूपच उघडणार नाही. नोकरीच्या काळात आम्ही असे अधिकारी पाहिले आहेत आणि त्यांची कर्तव्यदक्ष म्हणून पाठही थोपटली आहे. बँकेत त्याचा परिणाम फार तर एखाद्या चुकीच्या नोंदीत होतो. ती दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.

मंगळूर आणि कोळिकोड, दोन्हीकडे आणखी एक साम्य आहे. सहवैमानिकाला धोका कळला होता, तो बोललाही होता. पण कप्तानाच्या हातातून विमान काढून घेण्याइतके त्याचे बळ झाले नाही. जगभरच्या कंपन्या आज यासाठी प्रशिक्षण देतात. आपल्याकडे मात्र ‘साहेबांना कसे सांगायचे’ ही शिकवण घरापासून सुरू होते, वर्गात पक्की होते आणि कचेरीत तिच्यावर बढत्या मिळतात. चार दिवसांचा अभ्यासक्रम ती किती पुसणार, हा प्रश्नच आहे.

आता पुन्हा डिसेंबरकडे येऊ. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्येच जाहीर केले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. ‘रात्र’ पूर्वी पहाटे पाचला संपे, ती आता सहाला संपणार. रात्रीच्या कामात पूर्वी सहापर्यंत वेळा विमान उतरवता येत असे, ते आता दोनच वेळा. कंपन्यांनी कुरकुर केली, तारीख पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू करायचे ठरले. म्हणजे तयारीला पावणेदोन वर्षांहून अधिक काळ मिळाला. नियम सर्व कंपन्यांना सारखाच होता. कोसळली ती प्रामुख्याने एकच. पुढे चौकशीत जे निघाले त्याचे सार असे, की विमान आणि माणूस यांचा शेवटचा तासही वापरायचा, हाताशी राखीव काही ठेवायचे नाही, या बेताने सगळे वेळापत्रक बांधले होते. जानेवारी २०२६मध्ये कंपनीला २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड झाला.

पण त्याआधी, ऐन गोंधळात, ५ डिसेंबरला सरकारने काय केले? रजेचे दिवस साप्ताहिक विश्रांतीत धरायचे नाहीत, हा नियम मागे घेतला आणि त्या कंपनीला रात्रीच्या कामाच्या काही बंधनांतून १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सूट दिली. विमानतळावर अडकलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल पाहता दुसरा मार्ग नव्हता, असे समर्थन झाले. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. तरीही थकबाकीदाराने हप्ते बुडवले म्हणून नियम पाळणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्यालाच सवलत द्यावी, तसे हे झाले. आणि सवलत दिली कशातून? तर वैमानिकाच्या झोपेतून. ती ना कंपनीच्या मालकीची होती, ना सरकारच्या.

वैमानिकांना पगार भरपूर असतात, मग कष्ट पडले तर बिघडले काय, असा एक सूर नेहमी निघतो. वरिष्ठ कप्तानाचा पगार मोठा असतो, हे खरेच. पण पगाराने मेंदूचा थकवा जात नाही, आणि त्या पगारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिला आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. ते शिक्षण आणि पुढे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण धरले, तर खर्च सहज पन्नास-साठ लाखांच्या पुढे जातो. आमच्या वेळी शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत मालमत्तेच्या तारणाशिवाय मिळत असे, त्यापुढे तारण. बीडचा शेतकरी तारण देणार काय? घर आणि सातबारा. केजच्या त्या मुलाच्या वडिलांनी हेच दोन कागद समोर ठेवले होते. परवाना हाती आल्यावर मुलगा दोन वर्षे नोकरीविना होता, कारण तेव्हा कंपन्या भरती करण्याऐवजी बंद पडत होत्या. २०१२ला किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ला जेट, मे २०२३ला गो फर्स्ट. व्याज मात्र थांबत नाही.

अशा मुलाने नोकरी लागल्यावर ‘मी आज थकलो आहे, उडणार नाही’ असे लिहून द्यावे, अशी अपेक्षा नियमात आहे. तसा अधिकार त्याला खरोखरच आहे. पण हप्ता आहे, कप्तानपदाची रांग आहे, दरवर्षीची वैद्यकीय तपासणी आहे. त्या तपासणीत रक्तदाब किंवा मनाचा आजार निघाला तर पोटावरच पाय, म्हणून दुखणे लपवण्याकडे कल आहे. शिवाय २०१७च्या नियमाने सोडून जायचे तर कप्तानाला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची आगाऊ सूचना द्यावी लागते असे ठरले. आम्हा बँक अधिकाऱ्यांना तीन महिने पुरत असत. ऑगस्ट २०२३मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याचे विमान घेऊन निघायच्या तयारीत असलेला चाळिशीतला एक कप्तान दाराशीच कोसळला आणि गेला. आदल्या दिवशी त्याने पहाटे तीन ते सकाळी सात या वेळात काम केले होते आणि मग सत्तावीस तासांची विश्रांती मिळाली होती. त्याच्या मृत्यूचा कामाशी संबंध सिद्ध झालेला नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. पण त्या आठवड्यात देशातल्या किती वैमानिकांच्या घरी जेवणाच्या ताटावर हा विषय निघाला असेल, याची कल्पना करता येते.

यावर उपाय गूढ नाही. माणसे अधिक घ्यावी लागतील, तिकीट थोडे महाग होईल, पहाटेची काही उड्डाणे कमी होतील. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया येथे वैमानिक घडवले जातात. अमरावतीला मोठी प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा एअर इंडियाने २०२४मध्ये केली, वर्षाला १८० वैमानिकांची. अंबाजोगाईची बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेली मुलगी तिथे जाऊ शकते. देशात वैमानिकांमधले स्त्रियांचे प्रमाण जगातल्या सर्वाधिकांपैकी आहे. प्रश्न उरतो तो तिच्या वडिलांच्या सातबाऱ्याचा. कर्जाच्या परतफेडीची मुदत आणि पहिली नोकरी यांचा मेळ आजही नीट बसवलेला नाही, आणि हे काम विमान कंपन्यांचे नसून बँकांचे आहे. केजच्या मुलाचे कर्ज आता फिटत आले आहे. पाच एकर जमिनीवरचा बोजा उतरला, की सतत लंडनच्या फेऱ्या मागून घ्यायचे थांबवीन, असे तो वडिलांना म्हणाला आहे. वडिलांनी तलाठ्याकडे चौकशी सुरू केली आहे.